नाकाशी धरलेली चप्पल

चपलांच्या दुकानात कातड्याचा वास आला की मी आजही बाहेर येऊन उभी राहते. मी शिकत असताना एकदा राजापेठेतल्या क्लासमध्ये मॅडम फळ्यावर मेंदूतली पेशी काढून, एकीकडून दुसरीकडे संदेश कसा जातो ते समजावत होत्या. डोक्यावर पंखा खडखडत होता. अचानक त्या पेशीचे फाटे फळ्यावरून उतरून माझ्याकडे सरकू लागले. शुद्ध आली तेव्हा मी फरशीवर होते, जीभ चावल्याने तोंडात रक्ताची चव होती आणि नाकाशी घामट चप्पल दाबलेली होती. ती धरणाऱ्या मॅडमच होत्या. "भिऊ नोको, मिरगी आली होती तुले," शेजारची मुलगी म्हणाली, "तुयं नाव सांग बरं." मी आत शोधलं, नाव सापडेना. चेहरे परके वाटत होते, फळ्यावरची पेशी तेवढी ओळखीची होती. बडनेऱ्याहून धावत आलेल्या आईने हाक मारली, तेव्हा कुठे नाव परत आलं. आता गोळ्या चालू आहेत आणि अकोल्यात तोच धडा मी शिकवते. चपला दाराबाहेर, हा माझा नियम. मुलांना वाटतं, मॅडमला स्वच्छतेचं वेड आहे. पेशीचे फाटे काढताना मी मनात स्वतःचं नाव घेत राहते.