हिराच्या मिटलेल्या मुठी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने वैतागतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे कुत्रं चालत येतं आणि वळून पाहिलं की नाहीसं होतं... अहो, रात्रीचं जेवण कमी करा, सगळं बंद होईल. मी आयुष्यभर पूल बांधले. पुलाला तडा गेला तर त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत शोधायचं असतं, एवढंच मला कळतं. भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी हे सांगतोय, कारण वय झालंय, आणि ज्या एका गोष्टीचं कारण मला सापडलं नाही ती माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं. हात थरथरतो म्हणून नात टाईप करतेय. आत्ताच म्हणाली, "आजोबा, भाषण पुरे, गोष्टीवर या." बरं, येतो.

माझा जन्म झांजीबारचा. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट, लवंगांचं. वडील तिथे सरकारी कचेरीत होते. मराठी घरं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला कॉलेजसाठी पुण्याला पाठवलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरगा आपल्या देशात आला. मला मात्र तो परदेशच होता. तिथली थंडी मला सोसायची नाही, बायका घासाघीस करताना बोलायच्या ते कळायचं नाही, आणि संध्याकाळी समुद्राचा वास नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. घरची पत्रं महिनोन् महिने यायची नाहीत, आली तरी सेन्सॉरने काळ्या शाईने माखलेली.

घरी आई, वडील आणि सुमी. सुमी माझी धाकटी बहीण, आठ-नऊ वर्षांची, भयंकर हट्टी. आणि आमची याया. याया म्हणजे स्वाहिलीत मुलं सांभाळणारी बाई. तिने आधी मला वाढवलं, मग सुमीला. घरात मला बाबू म्हणत, आणि स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. त्यामुळे ती मला हाक मारायची आणि स्वतःच पदराआड हसायची. वाक्य संपलं की टाळ्याला जीभ लावून 'टक्' असा आवाज करायची तिला सवय होती. मी तिची नक्कल करायचो आणि आईचा मार खायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मला जायला घर नव्हतं. पुण्यातल्या मावशीकडे चार दिवस गेलो की पाचव्या दिवशी अडचण व्हायची. तेव्हा माझा खोलीतला सोबती गंगाधर म्हणाला, "आमच्या राजूरला चल. डोंगर बघशील." गंगाधरचे वडील राजूरला शाळामास्तर होते. तिसरा आमच्या वर्गातला वसंता, पक्का पुणेरी, जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. संगमनेरपर्यंत दर चढाला उतरून आम्ही ती मोटार ढकलली. वसंता म्हणाला, "तिकीट आपण काढायचं आणि गाडीला आपणच न्यायचं." पुढे अकोले, आणि तिथून बैलगाडीने राजूर.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो, डोंगराकडच्या वाड्यांमधून भटकायला. भात कापून खळ्यावर आलं होतं. दुपारच्या सुमाराला तहान लागली म्हणून एका वाडीत शिरलो. वाडीचं नाव सांगत नाही, ज्या बाईची ही गोष्ट आहे तिची नातवंडं-पतवंडं तिथे असतील. महादेव कोळ्यांची वाडी, एवढं पुरे. गंगाधरला तिथे सगळे ओळखत होते, कारण त्याचे वडील त्यांना अर्ज लिहून देत.

सोमा नावाच्या माणसाच्या घरापुढे माणसं गोळा झालेली दिसली. मध्ये शेकोटी, शेकोटीत विळा तापत घातलेला. उंबऱ्यात एक पोरगी बसवली होती, सतरा-अठरा वर्षांची असेल. ती सोमाची सून हिरा. केस मोकळे, ओठ फुटलेले, आणि दोन्ही हात पुढे करून मुठी गच्च आवळलेल्या. कशाला तरी लटकून राहावं तशा. बोटांची नखं तळव्यात रुतून रक्त सुकलं होतं.

गंगाधरने विचारलं, "सोमादादा, काय झालं हो?"

"काय सांगू, मास्तर." त्या पोराला ते मास्तरच म्हणत. "परवाच्याला खळ्यावर हुती, चांगली हसत हुती. येकदम खाली बसली आन् मुठी धरल्या त्या धरल्याच. चार गड्यांनी वढून पायलं, उघडत न्हाईत. खात न्हाई, पित न्हाई. आन् बोलती ते कोनाला कळत न्हाई."

शेकोटीपाशी भगत बसला होता, म्हातारा, डोक्याला पांढरं फडकं. तो शांतपणे म्हणाला, "जे आलंय त्यानं काय मागनं हाय ते सांगावं, आमी दिऊ. न्हाई सांगत तर मनगटाला चटका द्यावाच लागंल. मुठ सुटली का ते जाईल."

वसंता तडक पुढे झाला. "हा हिस्टेरिया आहे. तुम्ही तिला डागलंत तर हात कायमचे जातील. अकोल्याला दवाखान्यात न्या." भगताने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. हिराचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, तो रडत होता. सासू म्हणाली, "लेकरा, दोन दिस पानी न्हाई तिच्या पोटात. दवाखान्यापोत टिकंल का ती?" विळा लाल होत आला होता.

मी मागे उभा होतो. मला खरं तर तिथून निघून जायचं होतं. तेवढ्यात हिरा बोलली, हळू, घशातून. "मिकोनो इनानिउमा." आणि टाळ्याला जीभ लावून, टक्.

'हात दुखतायत माझे.' स्वाहिली. डोंगरातल्या त्या वाडीत, राजूरच्या बाजारापलीकडे कधी न गेलेली ती पोर शुद्ध झांजीबारी स्वाहिली बोलत होती. मी गर्दीतून वाट काढून तिच्यापुढे जाऊन बसलो. तिने डोळे माझ्याकडे वळवले आणि म्हणाली, "बाबू." आणि हसली, पदराआड हसावं तसं, फक्त हात मोकळे नव्हते म्हणून मान खांद्यात घालून.

माझं बाबू हे नाव गंगाधर आणि वसंतालाही माहीत नव्हतं. कॉलेजात मी आडनावाने ओळखला जायचो.

भगत माझ्याकडे टक लावून बघत होता. "तुला समजतं का रं, ती काय म्हनती?"

मी मान डोलवली. त्याने सुपातले भाताचे दाणे उचलून माझ्या मुठीत दिले आणि मूठ मिटवली. तिथली ती रीत होती. अंगात आलेल्याशी बोलायचं तर मुठीत दाणे धरून, आणि शब्द दिला की दाणे तिच्या ओटीत सोडायचे. "खोटं बोलू नगं," भगत म्हणाला. "दानं हातात धरून खोटं बोललं का ते बोलनाऱ्याच्या घरावर येतं. इचार तिला, काय पायजे."

मी स्वाहिलीत विचारलं, याया, तुला काय पाहिजे? याया म्हणतो मी, कारण त्या क्षणी माझ्यासमोर यायाच होती, दुसरं कोणी नव्हतं. वसंता नंतर मला म्हणाला की माझा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ती म्हणाली, पाणी फार थंड आहे. अंधार आहे. हात दुखतायत. मग तिने मला विचारलं, "सुमी अमेफिका?"

सुमी पोचली का?

मला काही कळेना. सुमी तर घरी. झांजीबारला, समुद्राकाठच्या आमच्या घरात, आईपाशी. ती कुठे पोचायची? मी म्हणालो, याया, सुमी घरी आहे. तिने जोराने मान हलवली. नाही, तुझ्याकडे. तुझ्याकडे पोचली का ते सांग. ती पुन्हा पुन्हा तेच विचारू लागली, आवाज चढत गेला, आणि मुठी अशा आवळल्या की एका तळव्यातून ताजं रक्त आलं. सासू ओरडली. भगताने फडक्यात धरून विळा उचलला. हिराच्या नवऱ्याने तिचे दंड पकडले.

"काय मागती?" भगत.

"माझी बहीण माझ्याकडे पोचली का, विचारतेय."

"मंग सांग की."

काय सांगायचं? विळ्याची धग माझ्या गालाला लागत होती. मी पाहिलं ते एवढंच की एका पोरीचे हात आत्ता माझ्यासमोर जाळले जाणार आहेत, आणि एका शब्दाने ते थांबेल. मी दाणे मुठीत घट्ट धरले आणि म्हणालो, "अमेफिका." पोचली. माझ्याजवळ आहे, याया. सुखरूप आहे.

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग स्वाहिलीत म्हणाली, बरं झालं. मग मी सोडते आता.

आणि बोटं उघडली. एकेक करून, सावकाश, करंगळीपासून. मी दाणे तिच्या ओटीत सोडले. हिरा आडवी झाली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, एवढी माणसं बघून लाजून पदर ओढला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, पानी द्या ना." घटाघटा दोन लोटे प्यायली. तिच्या नवऱ्याने माझे पाय धरले. मला ते नको होतं, मी त्याला उठवलं.

परतताना वसंता सारखा विचारत होता. मी सगळं सांगितलं तर म्हणाला, "तुला घरची आठवण येतेय, दुसरं काय. आफ्रिकावाल्याला सगळीकडे आफ्रिकाच ऐकू येणार." राजूरला पोचल्यावर त्याच्या आईने माझी दृष्ट काढली. मी काढू दिली.

पुण्याला येऊन मी घरी पत्र टाकलं, सगळे ठीक ना म्हणून. उत्तर नाही. तारा तेव्हा आमच्यासारखे लोक फक्त मरणाच्या करत, आणि मी स्वतःला सांगत होतो की असं काही झालेलं नाही. मी स्वतःच कारणं शोधली. देवळालीच्या छावणीत आफ्रिकन सोल्जर असतील, तिने कुठेतरी ऐकलं असेल. गंगाधरने नंतर वाडीत खोदून खोदून विचारलं. पोरगी माहेर आणि सासर सोडून फक्त राजूरच्या बाजारात गेलेली. आणि समजा ऐकली असेल भाषा... तरी बाबू? तरी सुमी?

थंडी पडल्यावर एके दिवशी हॉस्टेलवर जोगकाका आले. वडिलांच्या कचेरीतले, सुट्टी घेऊन देशात आलेले. त्यांची बोट लांबच्या वाटेने, रखडत रखडत मुंबईला लागली होती. हातात पत्र्याचा डबा. मला मिठी मारली, खोलीभर नजर फिरवली आणि हसत म्हणाले, "काय रे, आमची सुमाताई कुठेय? मावशीकडे ठेवलीस का? बोलाव तिला. आईने खोबऱ्याच्या वड्या दिल्यात, आणि बजावलंय की डबा तिच्याच हातात द्यायचा."

मला त्यांनीच सांगितलं. आई आजारी होती, सुमीची आबाळ होत होती, म्हणून तिला यायाबरोबर मावशीकडे पाठवून दिलं होतं, काकांच्या आधीच्या बोटीने. तसं मला कळवणारं पत्र त्याच बोटीच्या टपालात होतं. दिवाळीला मी तिला बंदरावर घ्यायला येईन असं तिला सांगितलं होतं, म्हणून ती नवा फ्रॉक घालून निघाली होती.

मी म्हणालो, "काका, सुमी आलेली नाही."

बोट बुडाल्याचं आम्हाला अधिकृतपणे कळलं ते लढाई संपल्यावर. कधी बुडाली, कुठे, हे कुणीच सांगितलं नाही. मी पुष्कळ खेटे घातले. मला तारीख हवी होती. कारण मी त्या उंबऱ्यात बसलो होतो तेव्हा त्या दोघी पाण्यात होत्या का, यायाच्या हातात सुमीचा हात तेव्हा होता का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ती तारीख मला आजपर्यंत मिळाली नाही.

वडिलांना मी हे सांगितलं. आईला कधीच नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, "एक बरं आहे, याया होती बरोबर. ती काही पोरीला सोडायची नाही." मी मान डोलवायचो.

हिराला मुलं झाली, असं गंगाधरने कळवलं होतं. हात शाबूत होते, भात लावायची, कापायची. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं आहे. त्या दिवशी मी 'नाही पोचली' म्हणालो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता तो करताना काही वाटेनासं झालंय. नात टाईप करायची थांबली आहे आणि विचारतेय, "आजोबा, मग याचं स्पष्टीकरण काय?" मला माहीत नाही, बाळ. खरंच माहीत नाही. आणि कुणा वाचकाला ते माहीत असेल तर त्याने कृपा करून मला कळवू नये.