पुढच्या खोलीतले बाबा

माझे बाबा घरीच, पुढच्या खोलीत, दहावीच्या गणिताची शिकवणी घ्यायचे, आमच्या गावच्या रीतीप्रमाणे हिंदीतून. त्या वर्षी मीही दहावीत होते. पण मला ते शिकवणीची मुलं गेल्यावर स्वयंपाकघरात शिकवायचे, म्हणजे ओरडायचे. "एवढं साधं येत नाही तुला?" हे वाक्य मला प्रमेयांच्या आधी पाठ झालं.

शिकवणीला गावातल्याच फ्रीगंज भागातून एक मुलगी यायची. तिला त्रिकोणमिती अजिबात जमत नसे आणि बाबा तेच गणित तिला पुन्हा पुन्हा समजावत. "कोई बात नहीं बेटा, फिर से देखते हैं." दाराआडून ते ऐकताना माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिचा गुलाबी रबरबँडसुद्धा मला बघवत नसे. आमच्याशी मराठीत बोलताना बाबा हा आवाज कुठे ठेवून येत, कोण जाणे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी मी सरळ पुढच्या खोलीत गेले आणि सतरंजीवर तिच्या शेजारी बसले. हात वर करून म्हटलं, "सर, समझ में नहीं आया."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खडू उचलला.

"कोई बात नहीं बेटा," ते म्हणाले आणि पहिल्या पायरीपासून समजावू लागले.

ते गणित मला केव्हापासूनच येत होतं.