कुसळ आणि फर्दापूरची गोदामावशी

फर्दापूरला एस.टी.तून उतरलो ते अजिंठ्याची चित्रं डोळे भरून पाहायला. मी रत्नागिरीचा चित्रकलेचा मास्तर, माझं पोटच डोळ्यांवर. मुक्काम मित्राच्या मावशीकडे, गोदामावशीकडे होता. संध्याकाळी खळ्यावर (मळणीच्या जागी) भाकरी-ठेचा हाणत बसलो असताना वारा सुटला आणि ज्वारीचं कुसळ उजव्या डोळ्यात गेलं.

"मास्तर, हलू नगा," म्हणत मावशीनं जिभेच्या टोकानं ते अलगद काढलं. गावात हा मान तिचाच. मी तर बेहद्द खूश झालो.

दुसऱ्या सकाळी पापण्या सुजून चिकटलेल्या, डोळा लालभडक, उजेड सोसवेना. मावशीनं पाहिलं, बुबुळावर पांढरा ठिपका होता. मी शहाणा म्हणालो, "लेणी पाहून येतो, मग बघू."

"लेणी काय पळून जात्यात व्हय? चला," म्हणत तिनं मला संभाजीनगरच्या गाडीत कोंबलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर करून ठिपका जरासा खरवडला आणि तपासायला पाठवला. "बुबुळाला जंतूंची बाधा झालीय. उशीर केला असता तर नजर गेली असती. डोळ्याला काय केलं होतं?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "म्या जिभेनं कुसळ काढलं, बाई."

बाई रागावल्या नाहीत. कुसळानं ओरखडा पडतो आणि तोंडातल्या जंतूंना तिथून वाट मिळते, एवढंच त्यांनी समजावलं.

मग दवाखान्यातच मुक्काम आणि दर तासाला औषधाचे थेंब, रात्रीसुद्धा. मावशी घरी जायला तयार नाही. साबणानं हात धुवायची, घड्याळ बघायची आणि थेंब घालायची. "झोंबतंय व्हय? सोसा. मलाबी आतून लई झोंबतंय."

हळूहळू ठिपका आकसला. डावा डोळा झाकून मी तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचली, तेव्हा मावशी रडली. मीही रडलो, लाज कसली?

रत्नागिरीत सगळे विचारतात, काय पाहिलंत? दवाखान्याचं छत, मी हसून सांगतो. खरं तर चुकलं म्हणून तिथंच पाय रोवून उभं राहणारं माणूस पाहिलं, आणि ते दोन्ही डोळ्यांनी.

परवा मावशीचा फोन आला. शेजारणीच्या डोळ्यात कुसळ गेलेलं.

"पाण्यानं धुतलं, निघंना. समद्या बाया म्हणत व्हत्या, गोदे, तूच काढ."

"मग?"

"मग काय? जीभ दाताखाली धरली, अन् तिला घिऊन गाडीत बसलेय."