भाईंची सही

माझ्या सासऱ्यांनी सत्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि तो कागद त्यांच्यापुढे मी ठेवला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला चांगला जावई समजू नये. भाई आता नाहीत. त्यांच्या मागे त्यांचं कौतुक सांगणं सोपं आहे, पण ती सही वगळून त्यांचं चित्र काढलं तर ते पुन्हा एकदा खोटं भाषांतर होईल.

भाई फोंड्याजवळच्या एका गावचे, मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. माझी बायको मेधा ही त्यांची धाकटी मुलगी. आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहायला आल्यावर ते तीन उन्हाळे आमच्याकडे आले, दर वेळी पाहुण्यांच्या व्हिसावर, तीन-तीन महिने. शर्टाच्या खिशात चष्मा आणि शाईचं पेन. समोर आलेला कुठलाही लिहिलेला मजकूर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद, दुधाच्या खोक्याची मागची बाजू, काहीही. पार्सलवाल्यानं यंत्र पुढे करून काचेवर बोटानं सही करा असं खुणावलं, तेव्हा भाईंनी हात मागे बांधले. या काचेवर आधी काय लिहिलं आहे ते दाखवा, असं त्यांनी त्याला कोकणी-मराठी-इंग्रजीत समजावलं. तो बिचारा पाच मिनिटं थांबला. पुढच्या वेळेपासून त्यानं आमची बेल सोडून खालच्या मजल्यावरच्या मान्युएलची दाबायला सुरुवात केली.

जर्मन मात्र त्यांना येत नव्हतं. त्यासाठी मी होतो. जर्मन कागद आला की ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसत, पहिल्या ओळीवर बोट ठेवत आणि मी सांगेन तसं बोट खाली सरकवत. कंटाळून मी एखादी ओळ गाळली तर बोट तिथंच थांबे. "ह्या ओळीत काय आहे, जावयबापू?" तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीतली नियमांची पाटी त्यांनी माझ्याकडून अशीच सतरा कलमांपर्यंत वाचून घेतली आणि वहीत मराठीत उतरवली. इमारतीत ती कलमं पाठ असलेले ते एकटेच असावेत.

या सवयीमागची गोष्ट मेधानं लहानपणापासून ऐकलेली. मी ती त्यांच्या तोंडून एकदाच ऐकली. सतराव्या वर्षी भजनी मंडळाच्या हार्मोनियममध्ये गोवामुक्तीची पत्रकं लपवून नेताना भाईंना पोर्तुगीज पोलिसांनी पकडलं. समुद्राकाठच्या किल्ल्यात कोंडलं. चार महिन्यांनी एका अधिकाऱ्यानं त्यांच्यापुढे सहा ओळींचा कागद ठेवला. मला फूस लावली गेली, मी पोर्तुगालचा एकनिष्ठ नागरिक आहे, अशा अर्थाचा. सही कर आणि घरी जा, तुझी आई दारात उभी आहे, असं तो म्हणाला. आई खरंच उभी होती, उन्हात, सकाळपासून. भाई पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला. त्यानंतर चौदा महिने ते आत होते.

"सही म्हणजे आपण नसू तिथं आपल्या वतीनं उभा राहणारा माणूस," ते म्हणत. "कुणाच्या दारात उभा राहतोय, ते बघून पाठवावा."

इतकं असून त्यांच्या मनात पोर्तुगीज माणसाबद्दल कडवटपणा नव्हता, हे मला मान्युएलमुळे कळलं. मान्युएल मूळचा पोर्तुगालचा, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं राबून निवृत्त झालेला. गॅलरीत सार्डिन भाजायचा. धूर वर आमच्याकडे यायचा. भाई वही उघडून म्हणाले, "कलम नऊ. गॅलरीत शेगडी मना आहे." मग त्यांनी एकदा हुंगून वही मिटली. "पण मासळी ताजी आहे." दुसऱ्या दिवशी ते आमसुलांची पुडी घेऊन खाली गेले आणि साठ वर्षांत तोंडातून न काढलेली भाषा बोलून आले. मान्युएलला एकोणिसाव्या वर्षी अंगोलाच्या लढाईवर धाडणार होते. तो सरहद्द ओलांडून पळाला होता. भाईंना हे फार आवडलं. "आम्ही दोघांनी एकाच राज्याला नाही म्हटलं. त्यानं पायांनी, मी हातानं." पोर्तुगालात क्रांती झाली आणि पाठोपाठ अंगोला-मोझांबिकही सुटले, तेव्हा भाईंनी वर्गात गूळ वाटला होता. मुलांनी विचारलं, आपण तर आधीच सुटलो, मग आता गूळ कशाला? भाई म्हणाले होते, आता लिस्बनची माणसंही सुटली म्हणून.

आता माझ्याबद्दल. पुण्याच्या कंपनीनं मला इथल्या कामावर तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. मुक्कामाचा परवाना त्या बदलीला बांधलेला. दुसऱ्या वर्षी मुदतवाढ मिळणार नाही असं कळलं. मुलगी ईशा तोवर घरात जर्मनमधूनच उत्तरं देऊ लागली होती, मेधाला नोकरी लागली होती. परत जायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात भरलं. एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवता येतो. तो पोर्तुगीज नागरिक ठरतो, मग त्याची मुलं ठरतात, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर जर्मनीत हवं तितकं राहता येतं. हे गोव्यात घरोघर माहीत आहे. माझ्यापुढे दुसराही मार्ग होता. इथली भाषेची परीक्षा देऊन इथल्याच कंपनीत नोकरी शोधायची. पुढे मी तेच केलं आणि त्याच्यावरच आम्ही आज इथे आहोत. पण तेव्हा मला तो लांबचा वाटला.

भाईंना मी एकदा आडून विचारलं. तुम्ही मान्युएलशी पोर्तुगीज बोलता, मग त्या कागदात एवढं काय आहे? ते हसले नाहीत. "भाषेशी माझं भांडण नव्हतं, जावयबापू. कागदाशी होतं."

तरीही मी गोव्यातून त्यांच्या जन्माचा उतारा एजंटाकडून मागवला. लिस्बनमधल्या वकिलाला त्यांच्या नावानं अर्ज करता यावा म्हणून एक फोलमाख्ट, म्हणजे अधिकारपत्र, हवं होतं. पोर्तुगीजमध्ये असतं तर भाईंनी वाचलं असतं, म्हणून मी ते मुद्दाम जर्मनमध्ये करून घेतलं. मेधाला सांगितलं की भाईंनी होकार दिला आहे, पण त्यांना त्रास होतो, तू विषय काढू नकोस. भाईंना सांगितलं की हा आजारपणाचा कागद आहे. इथे काही झालं तर आम्हाला तुमच्या वतीनं बोलता यावं म्हणून.

नोटारच्या, म्हणजे इथल्या नोटरीच्या, खोलीत लांब टेबल होतं. सही करणाऱ्याला मजकूर समजला आहे ना, असं नोटारनं मला विचारलं. मी हो म्हणालो. भाईंनी सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट उचललं.

"तुम्ही वाचलंत ना?"

"वाचलं, भाई."

"मग झालं." आणि त्यांनी आपल्या शाईच्या पेनानं, पूर्ण नावाची, सावकाश सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात भाई परत आले. रोज अकरा वाजता खाली जाऊन पत्रपेटी उघडणं हे त्यांचं काम. वकिलानं पत्ता आमच्या घराचा दिला होता, हे मला माहीत होतं. पत्र भाई असताना येईल, हे मात्र मी धरलं नव्हतं. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. ते वर आले, टेबलाशी बसले, कागद तळव्यानं सपाट केला आणि मला बोलावलं. आधी त्यांनी ते पोर्तुगीजमध्ये मोठ्यानं वाचलं. मग ओळीवर बोट ठेवून, जसं मी त्यांना वाचून दाखवत असे तसं, मराठीत सांगितलं. जन्माची नोंद झाली आहे. जन्मापासून पोर्तुगीज नागरिक.

"सतराव्या वर्षी माझ्याकडून एवढंच लिहून हवं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तेव्हा बाहेर आई उभी होती, तरी दिलं नाही. या खेपेला बाहेर काय उभं होतं?"

मी ईशाच्या शाळेचं नाव घेतलं.

"तिला यात ओढू नका."

त्यांनी आपला भारतीय पासपोर्ट आणून पत्राशेजारी ठेवला. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. परतीचं विमान अकरा दिवसांवर होतं. या पासपोर्टवर घरी उतरू तेव्हा तो खरा असेल की खोटा, एवढंच त्यांनी विचारलं. संध्याकाळी मेधा आली, पत्र वाचलं, आणि म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस, भाई हो म्हणाले." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

भाई जेवत, बोलत, आमटीला मीठ बेताचं आहे असंही सांगत. फक्त कागद माझ्याकडे येईनासे झाले. बँकेचं, औषधाचं, जाहिरातीचं, जे काही जर्मन असेल ते घेऊन ते मान्युएलकडे जात. वरून मला त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात उतरताना ऐकू येई. पाच दिवस मी तो ऐकला.

सहाव्या दिवशी मी एक निवेदन लिहिलं. अधिकारपत्र खोटं भाषांतर सांगून घेतलं आहे, त्यावरची नोंद भाईंच्या इच्छेविरुद्ध आहे, ती रद्द व्हावी. यानं भाईंच्या नोंदीवर उभा राहणारा मेधाचा अर्ज संपणार होता. माझ्यावर काय येईल ते वकिलालाही सांगता येईना. मेधानं ते वाचलं आणि एका ठिकाणी 'गैरसमजातून' असा शब्द होता, तो खोडला.

त्याच नोटारकडे टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली. मी स्वतःच मान्युएलला बरोबर यायची विनंती केली. भाईंनी माझ्या भाषांतरावर का विश्वास ठेवावा? मान्युएल कोट घालून आला. तेच टेबल, त्याच खुर्च्या. नोटारनं मला ओळखलं. कागद वाचून तो "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाला आणि कागद सरकवला.

मान्युएलनं जर्मनमधून पोर्तुगीजमध्ये सगळा मजकूर वाचला. भाईंनी ऐकून घेतला. मग त्यांनी आपली खुर्ची ओढली, माझ्याशेजारी आणली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आता तुम्ही वाचा."

मी वाचू लागलो. मी अमुक, यांचा जावई. यांना जर्मन येत नाही हे मला माहीत होतं. मी यांना सांगितलं ते त्या कागदात नव्हतं. यांनी कागदावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. बोट एकेक ओळ उतरत होतं आणि कुठेही अडलं नाही. शेवटच्या ओळीखाली, माझ्या सहीच्या रिकाम्या जागेशेजारी ते येऊन थांबलं.

"जुळतं," भाई म्हणाले आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी सही केली. पण त्यांनी बोट उचललं नाही. त्या जागी आणखी काही लिहिलेलं नव्हतं. तसा शब्द अशा कागदात बसतही नाही. तरी मी तो त्यांना वाचून दाखवला.

"भाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."