ताईचा आकडा

माझी थोरली बहीण किरणोत्सर्ग मोजणाऱ्या खात्यात आहे. अपघात झालाच, तर मीटरवर किती आकडा दिसला की माणसांना घराबाहेर काढायचं, हे ठरवण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. त्या आकड्याच्या खाली दारं-खिडक्या लावून घरातच बसायचं. तीन आठवडे तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"कमीच ठेव की," मी म्हणालो. "लवकर निघालेलं बरं. त्यात एवढं डोकं काय लावायचं?"

ती उसळलीच. "अपघाताच्या मागच्या सरावात कमीच ठेवला होता, शहाण्या! हवेत काही नव्हतं, तरी रुग्णालय रिकामं करताना एक आजोबा स्ट्रेचरवरच गेले. चल, आईला खाली उतरवून दाखव."

आई अंथरुणाला खिळलेली, घर चौथ्या मजल्यावर. "तेवढंच फिरणं होईल," आई हसली. मी आणि शेजारच्या सुताराने तिला खुर्चीत बसवून उचललं. दुसऱ्या मजल्यावरच तिचे ओठ निळे पडले.

"पुरे, वर न्या," ताई ओरडली.

आईचा श्वास जाग्यावर आल्यावर ताईने आकडा वाढवून लिहिला. तेवढ्यात माझी बायको पाणी घेऊन आली. तिला सातवा महिना. ताई तिच्या पोटाकडे बघत राहिली. मग तिने लिहिलेलं खोडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"घे, तू ठरव. डोकं लावायचं नाहीये ना त्यात?"