मधल्या नावाचा रकाना

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. त्यामुळे आपण नेमकं काय काम करतो, हे आईने एकदा तरी बघावं असं मला फार वाटायचं. गंगापूर रोडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कुणाचा नंबर आला ते दाखवणारी पाटी आहे, ती आणि काउंटरवरची नोंद मी लिहिलेल्या एकाच प्रोग्रामवर चालतात. आईचे डोळे तपासायचेच होते. गावाहून तिला तिथेच आणलं.

पाटीबद्दल एक तक्रार होती. काउंटरवरच्या मॅडम म्हणायच्या, नंबर मधूनच एकवर येतो. मी ऑफिसातून बघायचो, तर प्रोग्राम चालू. "तुमच्याकडूनच बटण दाबलं जात असेल," असं मी फोनवर सांगून मोकळा झालो होतो.

गाडी लावून आत आलो तेव्हा आई काउंटरवर नाव सांगत होती. पाटीवर अठरा. मॅडमनी नोंद केली, पाटी क्षणभर काळी झाली आणि एक आला.

"अहो मॅडम, एक नंबरवाले केव्हाच घरी गेले," एकोणीसची चिठ्ठी धरलेले आजोबा म्हणाले. "मी काय, उद्या येऊ?"

मी मॅडमना विचारलं, आत्ता काय केलंत?

"काय करणार? ह्या बाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बऱ्याच जणी घेत नाहीत. मधल्या नावाचा रकाना मी मोकळा सोडते."

आईने वडिलांचं नाव घेतलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. तरी हा रकाना मोकळा राहील, हे मला सुचलं नव्हतं. तो मोकळा आला की प्रोग्राम बंद पडत होता, आमच्या भाषेत मरत होता. आणि मेला की लगेच उठव, असं ऑपरेटिंग सिस्टीमला मीच सांगून ठेवलेलं. ती इमानाने उठवायची, सेकंदभरात, कुणालाही न कळवता. उठलेल्याला मागचं काही आठवायचं नाही, म्हणून तो एकपासून सुरू करायचा. मी बघेपर्यंत अर्थातच चालू असायचा.

"कुणी बनवलंय हे, कुणास ठाऊक," आजोबा बाकावरून म्हणाले.

"माझ्या पोरानं," आई म्हणाली. "त्यो काय, हुबा हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मॅडमची नाही."

"जरा मोठ्यांदा म्हणा," मॅडम म्हणाल्या. "आत डॉक्टरांनाही ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यांदा म्हणालो. आई मान डोलवत होती. पोरगा भाषण करतोय, असं तिला वाटलं असावं.