आमचा तटस्थ दादा

तमाम भावकीला, सोयऱ्याधायऱ्यांना आणि पारावरच्या रिकामटेकड्या मंडळींना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचा दादा बी.ए. झाल्यापासून कोणाच्याच बाजूचा राहिला नाही. तो तटस्थ झाला. हा आजार त्याला सांगलीच्या कॉलेजात जडला आणि साताऱ्यातल्या एकाही वैद्याकडे त्यावर औषध निघालं नाही.

कॉलेजात जाण्यापूर्वी तो चांगला भांडकुदळ होता. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाची गचांडी धरायचा आणि संध्याकाळी त्याच्याच ताटात जेवायचा. मग त्याने तर्कशास्त्र घेतलं. सुट्टीला आला तो कोट घालून, आणि शिवी द्यायची सोडून "आपण आधी व्याख्या करू" म्हणू लागला. एकदा आई आणि काकी चुलीच्या राखेवरून भांडत होत्या. हा दोघींच्या मधे पाट टाकून बसला आणि म्हणाला, "प्रथम राख कोणाची म्हणायची, ते ठरवू." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मिळून याच्यावर तुटून पडल्या. भांडण आपण मिटवलं, असंच दादाने धरलं.

माणदेशातल्या एका मेंढपाळाच्या मेंढ्या आमच्या शाळूत शिरल्या, तेव्हाही दादा बांधावर उभा राहून त्याची बाजू ऐकून घेत होता. आबा काठी घेऊन धावले, तर त्यांनाही हाताने थांबवलं. "तुमचीही ऐकतो. मी तटस्थ आहे." मेंढ्यांनी मात्र आपली बाजू पोटभर मांडली.

याचा मला संताप यायचा, अजूनही येतो, आणि तो फुकटचा नाही. त्याच्या कॉलेजापायी माझी शाळा सातवीच्या परीक्षेआधी सोडवली. "एका घरात एक शान्नं बास," असं आबा म्हणाले. बरं, राहिले मी अडाणी. पण ते एक शहाणं घराच्या उपयोगी तरी पडायला नको?

माझ्या लग्नात ते उपयोगी पडलं, ते असं.

नवऱ्याच्या मामाने लग्नात एकदा रुसायचं, ही आमच्याकडची रीत. मुलीकडच्यांनी वाजंत्री घेऊन जायचं, पाया पडायचं, चार गोड शब्द बोलायचे. मग मामाने "बरं, बरं" करत उठायचं आणि नवऱ्यामागे उभं राहायचं. तो उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. तेव्हा महायुद्धामुळे साखर रेशनवर होती, म्हणून आम्ही शिऱ्यात गूळ घातला होता. मामांना रुसायला काहीतरी हवंच होतं, त्यांना तो गूळ सापडला. फलटणचा माणूस, मिशा मोठ्या, फेटा त्याहून मोठा. पारावर जाऊन मांडवाकडे पाठ करून बसले, आणि फार झोकात बसले.

वाजंत्री निघाली. दादाने ती वाटेतच बंद करवली आणि एकटा मामांपुढे जाऊन उभा राहिला. समजूत काढणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं, हे त्याच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

"मामासाहेब," तो म्हणाला, "गूळ गोड असतो. शिऱ्यात गूळ आहे. म्हणजे शिरा गोड आहे. तेव्हा आपल्या रुसण्याला कारण उरत नाही."

मामांनी मान वळवली. "म्हंजी मी उगंच रुसलोय म्हनता?"

"तर्काने तसंच निघतं."

"आस्सं. गाड्या जुंपा रं पोरांनो. आपल्याला कारन न्हाई हितं थांबायला."

आता मात्र ते खरंच रुसले. फलटणकर भराभर उठले, बैल सोडून आणले. आबा फेटा काढून हातात धरून उभे. आई भिंतीला टेकली. मांडवातून वऱ्हाड परत गेलेल्या पोरीला पुन्हा स्थळ कोण आणतो? अंगाची हळद वाळलेली, कपाळाला मुंडावळ्या, आणि मी खिडकीतून पाहतेय, तर दादा कोटाची गुंडी लावत होता. परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखा त्याचा चेहरा. माझी शाळा गेली ती याच्यासाठी, आणि आता नवराही निघाला होता!

नवरीने अक्षतांआधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. मी टाकलं, आणि ओरडले.

सगळा मांडव उंबऱ्याकडे वळला. मग मामांच्या मिशा हलल्या. ते इतके हसले की फेटा मानेवर आला. वाजंत्रीसाठीही न थांबता ते आपल्या पायाने चालत आले आणि नवऱ्यामागे उभे राहिले. पुढे कित्येक वर्षं मामा प्रत्येक पंगतीत माझं ते वाक्य वाढत राहिले. दादाने माझ्यासमोर 'तटस्थ' हा शब्द पुन्हा काढला नाही. सासरी निघाले तेव्हा गाडीला धरून हुंदके देत होता, कशाचीही व्याख्या न करता.

दादा आता नाही. तो होता तोवर मी हे कागदावर उतरवलं नाही, एवढा मान त्याच्या पदवीचा राखला. उंबऱ्यावरून मी ओरडले होते ते हे:

"आवं मामा, तुमी खुशाल रुसा! तुमचा रुसवा खराच हाय, खोटं हाय ते ह्येचं बी.ए.!"